विश्वस्ताचे दात

आमचे आप्पा कवळ्या बनवायचे. माणूस समोर आला की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि तोंड बंद असेल तर उघडेपर्यंत वाट बघायचे. कुणी हसलं तर का हसलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. "वरची डावी दाढ गेलीय याची," असं ते माझ्या कानाशी पुटपुटत, आणि पुटपुटणं असं की त्या माणसालाही स्वच्छ ऐकू जावं. मग ते स्वतःच खूश होऊन हसायचे. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि त्याचा त्यांना भयंकर माज होता.

कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर माळा. रस्त्याकडच्या खोलीत लांब टेबल, मेण वितळवायची स्पिरिटची बत्ती, चिमटे, दातांच्या पेट्या. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती आणि पॉलिशचं कापडी चाक. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे. दुरुस्तीला मात्र लोक थेट यायचे, तोंडावर रुमाल धरून. मी पुढच्या खोलीत मेणात दात बसवायची आणि माझा धाकटा भाऊ मागे चाकावर बसायचा.

धाकटा अंगाने वाढला, पण डोक्याने पाच-सहा वर्षांचा राहिला. त्याला अंघोळ घालावी लागे, बटणं लावून द्यावी लागत, रस्ता ओलांडताना हात धरावा लागे. बोलायला शब्द म्हणाल तर तीस-चाळीस. पण चाकावर बसला की राजा. कवळी पॉलिशच्या राखाडी भुकटीत बुडवायची, चाकावर धरायची, बोट फिरवून बघायची, पुन्हा धरायची. बोटाला पटलं की पाण्यात खळबळून, ओल्या कापसात गुंडाळून डबीत ठेवायची, झाकण लावायचं आणि पुढे येऊन म्हणायचं, "झालं. गिऱ्हाईक आलं?" आम्ही म्हणायचो, "येतंय." मग तो दाराशी उभा राहायचा. म्हातारा किंवा म्हातारी कवळी घालून आरशात हसली की टाळ्या वाजवायचा. दिवसातून दोनदा-तीनदा त्याला हे सुख मिळायचं. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला एवढं मिळत नव्हतं.

त्याला हे काम शिकवलं आप्पांनीच, आणि कसं शिकवलं तेही सांगते. बारा-तेरा वर्षांचा असेल. एका आजीबाईंची कवळी त्याने आपल्याच दातांवर चढवली आणि ओठ फाकवून पुढे आला. आजीबाईंना हसू आवरेना. आप्पांनी मेणाची सुरी उलटी धरली आणि तिच्या लाकडी मुठीने त्याच्या बोटांवर मारायला लागले. प्रत्येक फटक्याला एक शब्द. "तोंडात नाही! गिऱ्हाइकाचं!" आजीबाई कवळी न घेताच पळाल्या. पुढे आठवडाभर रोज सकाळी खायला देण्याआधी आप्पा त्याच्यासमोर एक कवळी धरायचे आणि तो बोटं पाठीमागे लपवून म्हणायचा, "तोंडात नाही. गिऱ्हाइकाचं." मग खायला मिळायचं. आयुष्यात तो फार थोड्या गोष्टी शिकला, पण ही अगदी पक्की शिकला.

आमच्या घरात कुणाला अठरा वर्षं पूर्ण झाली की आप्पा त्याचा ठसा घ्यायचे. वर-खाली प्लास्टरचे साचे, मागे पेन्सिलीने तारीख, आणि साचे फळीवर. आल्यागेल्या पाहुण्यालाही सोडत नसत. मला आवडलेला एक मुलगा एकदा घरी आला, तर त्याला चहाच्या आधी मेण चावायला दिलं. आप्पा साचा बघून म्हणाले, "हा माणूस चावताना उजवीकडे सरकतो. शब्दालाही असाच सरकेल." तो मुलगा पुन्हा आला नाही. सरकला म्हणा हवं तर. माणसाचं मन फक्त दातांवर उमटतं अशी आप्पांची ठाम समजूत होती, आणि चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघून ती आणखी घट्ट झाली होती.

आता दादाबद्दल. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आप्पांचा पुतण्या. काका-काकू एका अपघातात गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आप्पा त्याला घेऊन आले आणि माळ्यावर ठेवला. नऊ वर्षं तो तिथे राहिला. प्लास्टर कालवायचा, पोती उचलायचा, शाळेत जायचा, पहिला यायचा. आप्पा त्याच्यावर हात टाकत नसत. जीभ पुरेशी होती. जेवायला बसला की रोज एकच मंत्र : "खायला मिळतंय, ल्यायला मिळतंय, डोक्यावर छप्पर आहे, आजारी पडलास तर औषध आहे. आणखी काय हवं माणसाला?" त्याने एकदा शाळेच्या सहलीचं विचारलं होतं, तेव्हा हा मंत्र गिऱ्हाइकांसमोर म्हटला गेला. अठरा वर्षांचा झाला आणि ठसा घेतला, तर दाढा सपाट. म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा घासलेल्या. आप्पांनी तो साचा आलेल्या डॉक्टरांपुढे नाचवला. "बघा! दुसऱ्याच्या घरचं फुकटचं खाऊन खाऊन झिजले." डॉक्टर हसले. मीही हसले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, पण हसले ते हसलेच. दादा प्लास्टर कालवत राहिला.

विसाव्या वर्षी त्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि तो निघून गेला. पण तुटला नाही. वर्षातून दोनदा यायचा, आप्पांच्या पाया पडायचा, अर्धा तास बसायचा आणि जायचा. धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याचा कधी राग केलेलाही पाहिला नाही.

आप्पांचं हृदय थकलं तेव्हा धाकटा चौतिशीत होता. डॉक्टरांनी वर्षभराची भाषा केली. आप्पा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "ट्रस्ट करायचा. घर, कारखाना, जे काय आहे ते सगळं धाकट्याच्या नावाने. आणि ते सांभाळायला एक विश्वस्त." माणूस कितीही कडू असला तरी त्याला एका गोष्टीची भीती असते; आप्पांना फक्त हीच होती. आपल्या मागे धाकट्याचं काय, एवढ्या एका प्रश्नावर ते रात्रंदिवस कुढत होते.

वकीलबाई घरी आल्या. मध्यम वयाच्या, शांत, चष्मा डोक्यावर ठेवून विसरणाऱ्या. त्यांनी आप्पांना नीट समजावलं. एकट्यावर टाकू नका, दोघं नेमा. चुकलं तर विश्वस्त बदलता येईल असं कलम घाला. हुशार माणसापेक्षा मुलाला ओळखणारा माणूस बघा.

"तुमच्या मुलाला लागलं-खुपलं की तो कुणाकडे जातो?" त्यांनी विचारलं.

"तो समोरच्या कुत्र्याकडेही जातो," आप्पा म्हणाले. "कुत्र्याला नेमू का?"

आणि मग त्यांनी आपल्या पद्धतीने निवड केली. एका रविवारी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. वकीलबाई, ठसे पाठवणारे म्हातारे डॉक्टर, दादा आणि मी. धाकटा मागे चाकावर. आप्पांनी आदल्या आठवड्यात आमचे नवे ठसे घेतले होते. काही कारण न सांगता. आता साचे टेबलावर मांडलेले होते आणि आप्पा खुर्चीत धापा टाकत बसले होते.

"डॉक्टर बाद," त्यांनी सुरुवातच तशी केली. "चाळीस वर्षांची ओळख आहे, पण याला स्वतःचे दात नाहीत. माझीच कवळी घालून बसलाय. मी माझंच काम काय वाचणार?"

डॉक्टरांनी हसायचा प्रयत्न केला. आप्पांनी माझा साचा उचलला आणि दिव्याखाली धरला.

"आता ही. बघा वकीलबाई. चाळिशी आली, पण दातांना ओरखडा नाही. टोकं अजून नवी कोरी. याचा अर्थ कळतो? ही बाई गाढ झोपते. आई मेली तेव्हा झोपली, मी मरेन तेव्हाही झोपेल. जिला झोप लागते तिच्या हाती मी माझं पोरगं देणार नाही."

मी पहाटे पाचला उठत होते. धाकट्याची अंघोळ, त्याचे कपडे, त्याचं खाणं, दिवसभर मेणात दात, संध्याकाळी पुन्हा त्याचं सगळं. रात्री मी झोपत नव्हते, कोसळत होते. हे मी बोलायला हवं होतं. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या, बोला म्हणून. मी टेबलावरचं मेण नखाने खरवडत राहिले. खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखंही वाटलं. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते.

मग आप्पांनी दादाचा साचा घेतला. अगदी हळुवार, दोन्ही हातांत.

"आणि हा. अठराव्या वर्षी झिजलेले होते, आता तर बघा, पार सपाट. माणूस झोपेत दात खातो तो का खातो? काळजीने. याने आयुष्यभर काळजी केलीय. जबाबदारी याच्या दाढांवर लिहिलीय. असा माणूस शंभरात एक."

दातओठ खाणं म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही कळतं. चाळीस वर्षं दात बघणाऱ्या माणसाला कळलं नाही. आपणच ज्याला नऊ वर्षं माळ्यावर ठेवून रोज घास मोजून दाखवला, त्याचे दात काळजीने झिजले असं त्यांनी मनोमन ठरवलं, आणि त्यांच्या मनात एकदा ठरलं की ते प्लास्टरसारखं घट्ट व्हायचं. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"काका, मी करेन," तो म्हणाला. "पण काय काय करायचं ते कागदावर स्पष्ट लिहा. उद्या कुणी म्हणायला नको की मी कमी केलं."

"हेच!" आप्पा टेबलावर हात आपटून म्हणाले. "बघितलंत? अशी माणसं असतात."

त्यांनी वकीलबाईंना स्वतः सांगून लिहवून घेतलं. विश्वस्ताने लाभार्थीला अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार पुरवावेत. पालकही तोच. विश्वस्ताचा निर्णय अखेरचा. दुसरा विश्वस्त नको, बदलायचं कलमही नको. "आणि सुख-समाधानाचा, आवडीनिवडीचा काही उल्लेख?" वकीलबाईंनी विचारलं. "अन्न, वस्त्र, निवारा, औषध," आप्पा म्हणाले, "आणखी काय हवं माणसाला?"

दादाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मग खिशातून पेन काढून सही केली.

आप्पा त्याच वर्षी, पावसाळ्याआधी गेले. शेवटपर्यंत समाधानात होते, हे मला सांगायलाच हवं. "तुझी सोय केली रे," असं ते धाकट्याला म्हणायचे आणि तो त्यांना डबी दाखवायचा.

तीन महिन्यांत कारखाना विकला गेला आणि त्याबरोबर घर. दादाने मला आधी नीट कळवलं, मुदत दिली, सामान हलवायला माणूसही पाठवला. फळीवरचे साचे खरेदीदाराने पोत्यात भरून फेकले. मी त्यातले धाकट्याचे तेवढे काढून घेतले. मला दुसऱ्या एका कारखान्यात काम मिळालं आणि राहायला एक खोली. मी म्हटलं, धाकट्याला माझ्याकडे ठेवते.

"एका खोलीत?" दादा म्हणाला. "आणि तू दिवसभर कामाला. त्याला बघणार कोण? मी पालक आहे. मला असं करता येणार नाही."

त्याने धाकट्याला एका संस्थेत ठेवलं. वाईट नव्हती. स्वच्छ होती. हिरवे कठडे, धुतलेल्या चादरी, वेळेवर जेवण. वर्षातून चार जोड कपडे. फक्त चाक नव्हतं. मी दादाला म्हटलं, जुनं चाक तरी दे, कोपऱ्यात ठेवतील. तो म्हणाला, ते यंत्राबरोबर विकलं आणि कागदात चाक लिहिलेलं नाही. धाकटा चमचे घासायला लागला, सदऱ्याच्या बाहीने. मग इतरांच्या बुटांची बक्कलं, दारांच्या मुठी. दर रविवारी मी गेले की एखादा चमचा रुमालात गुंडाळून माझ्यापुढे धरायचा. "झालं. गिऱ्हाईक आलं?"

दुसऱ्या वर्षी त्याची दाढ दुखायला लागली. दुखतंय हा शब्द त्याच्याकडे होता, पण कुठे ते सांगता यायचं नाही. एका मदतनिसाने हातातला चमचा ओढला तेव्हा तो त्याला चावला. नंतर दुसऱ्याला. संस्थेने दादाला पत्र पाठवलं : तीन-चार दाढा किडल्या आहेत, आणि रुग्ण चावतो; पुढची कटकट नको म्हणून सगळेच दात काढावेत असं आम्ही सुचवतो. दादाने सही केली. मला कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. मी रविवारी गेले तर अंगणात बाकावर एक म्हातारा बसला होता. मी पुढे निघाले होते. त्याने "ताई" म्हटलं तेव्हा थांबले.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या कचेरीत गेले. त्याचं टेबल खिडकीशी होतं, कागद एकावर एक कडा जुळवून ठेवलेले. मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. शेजारची बाई उठून बाहेर गेली. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"दात काढणं औषधोपचारात बसतं," तो म्हणाला. "कवळी बसत नाही. मी विचारून घेतलंय. त्याला मऊ जेवण मिळतं, वजन कमी झालेलं नाही."

"कवळीवाल्याचा मुलगा आहे तो! कवळ्यांवर आपण वाढलो!"

"तू वाढलीस. मी चार गोष्टींवर वाढलो. अन्न, वस्त्र, निवारा, औषध. काकांनी मला जे दिलं तेच मी त्यांच्या मुलाला देतोय. एक घास कमी नाही. खरं तर जास्तच, त्याला पोती उचलावी लागत नाहीत."

"त्याने तुझं काय वाकडं केलं होतं?"

दादाने कागदांच्या कडा पुन्हा जुळवल्या. "काही नाही," तो म्हणाला. "मीही काकांचं काही वाकडं केलं नव्हतं." मग त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "ते म्हणाले माझे दात काळजीने झिजले. माळ्यावर मी रात्रभर दात खायचो, कारण दिवसा तोंड उघडता यायचं नाही. परवा डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले आता झीज थांबलीय. मला आजकाल छान झोप लागते."

वकीलबाईंकडेही गेले. त्यांनी कागद पुन्हा वाचला, चष्मा डोक्यावर सरकवला. कोर्टात जाता येईल, पण अखेरचा निर्णय विश्वस्ताचा, आणि लिहिलेलं त्याने सगळं पाळलंय, असं म्हणाल्या. "मी दोघांना नेमा म्हटलं होतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

मग मी ठरवलं, कवळी मी करते. कागदात नाही तर नाही. संस्थेत जाऊन त्याच्या रिकाम्या हिरड्यांचा ठसा घेतला. तो माझं मनगट धरून बसला, हलला नाही. नव्या कारखान्याच्या मालकाने मला जेवणाच्या सुट्टीत टेबल वापरू दिलं. मी जेवण सोडलं आणि तीन आठवडे काम केलं. अठराव्या वर्षी घेतलेला त्याचा साचा समोर ठेवून एकेक दात तसाच लावला. पुढचा एक जरा आडवा होता, तोही तसाच आडवा. मला वाटत होतं, तो आरशात बघेल आणि आपल्यासाठीच टाळ्या वाजवेल. एवढी एकच गोष्ट मला हवी होती. आयुष्यात दुसरं काम मी इतकं चांगलं केलेलं नाही.

रविवारी डबी घेऊन गेले. त्याने झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, ओळखलं त्याने. त्याने कवळी बाहेर काढली, उजेडाला धरली. अंगठा फिरवला. आतल्या बाजूला त्याला काहीतरी खरखरीत लागलं असावं. त्याने बाहीने घासायला सुरुवात केली. बराच वेळ घासली. नळाखाली खळबळली. माझा रुमाल मागून घेतला, ओला केला, त्यात गुंडाळली, डबीत ठेवली, झाकण लावलं.

"झालं," तो म्हणाला. दात नसल्यामुळे शब्द नीट उमटला नाही. "गिऱ्हाईक आलं?"

"अरे तुझीच आहे ही. घाल. ताई घालते तुला."

मी कवळी त्याच्या ओठांजवळ नेली. तो एकदम मागे सरकला आणि भिंतीला टेकला. ओठ आत ओढून घट्ट मिटले. दोन्ही हात पाठीमागे नेले, बोटं लपवली. चौतिशी उलटून गेलेला माणूस लहान पोरासारखा उभा होता.

"तोंडात नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचं."

मी किती समजावलं. माझ्या तोंडाशी धरून दाखवली, आरसा दाखवला, हात जोडले. दर वेळी तेच शब्द, आणि बोटं पाठीमागे. शेवटी मी कवळी पुन्हा डबीत ठेवली आणि डबी त्याच्या हातात दिली. तेव्हा कुठे तो शांत झाला. खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसला, डबी मांडीवर सांभाळत.

"गिऱ्हाईक आलं?" त्याने पुन्हा विचारलं.

"येतंय," मी म्हटलं.

मदतनीस कालवलेल्या भाताची वाटी घेऊन आला. धाकट्याने दाराकडे बघतच तोंड उघडलं.